फोन पडला तेव्हा आजोबा काय करत होते

माझी स्पॅनिशची वही तुम्ही दोघा नातवंडांनी फोनवर पाहिली आहे. दोनशे पानी, निळ्या पुठ्ठ्याची. प्रत्येक पानाच्या मधोमध मी पट्टीने एक उभी रेघ मारली आहे. रेघेच्या डावीकडे जे चालू होतं ते, उजवीकडे जे झालं ते. डावीकडे ‘मी मटार सोलत होते’, उजवीकडे ‘फोन वाजला’. डावीकडे ‘मावशी अंगण झाडत होती’, उजवीकडे ‘माकडाने पेरू पळवला’. तीस वर्षं मी लोणावळ्याच्या शाळेत मुलांना इंग्रजी शिकवलं आणि फळ्यावर हीच रेघ मारली. सत्तरीत ती स्वतःसाठी मारावी लागेल असं काही वाटलं नव्हतं.

हे मात्र मी मराठीत लिहिते आहे. आज ते तुम्हाला वाचता येणार नाही, हे मला माहीत आहे. तुमच्या आईला मी बजावलं आहे, की वाचून दाखवशील तेव्हा एकही वाक्य गाळू नकोस. गाळायची तिला सवय आहे. फोनवर मी सहा वाक्यं बोलायची आणि ती तुम्हाला एक सांगायची. एकदा मी तुम्हाला सांगत होते, की घोरावाडी स्टेशनच्या जिन्याखाली एका कुत्रीला चार पिल्लं झाली आहेत, त्यातलं एक पांढरं आहे, आणि तिकीट खिडकीवरचे गृहस्थ रोज आपल्या डब्यातली अर्धी पोळी तिला घालतात. आईने तुम्हाला काय सांगितलं कोण जाणे, पण ते तीन शब्दांत संपलं. धाकटा पडद्याजवळ आला, एकदा भुंकला आणि खेळायला निघून गेला. त्याच दुपारी मी ठरवलं, की ही भाषा आपण शिकायची.

यापुढे मी ‘तू’ म्हणेन ते मोठीला. धाकट्याने रुसू नये.

मी इंग्रजी शिकले ती माझ्या वडिलांमुळे. आमच्या समाजाने दीक्षा घेतली तेव्हा मी आईच्या कडेवर होते. त्यानंतर वडिलांच्या डोक्यात एकच होतं, की पोरगी शिकली पाहिजे, आणि नुसती शिकून उपयोग नाही, इंग्रजी आली पाहिजे. ते कारखान्यातून सुदुंबऱ्याला सायकलने यायचे, हातपाय धुवायचे आणि पाटावर बसायच्या आधी मला पाच नवे शब्द विचारायचे. पाच झाल्याशिवाय ताट वाढायचं नाही, ना त्यांचं ना माझं. आई वैतागायची. त्या इंग्रजीने मला शाळेत खुर्ची दिली, लोक मला बाई म्हणू लागले. स्पॅनिशकडून मला असं काही नको आहे. कुत्रीची सगळी पिल्लं तुम्हाला सांगता आली, तर पुरे.

आठवड्यातून दोन सकाळी मी फोनवर वर्गाला बसते. बाकीचे विद्यार्थी पंचविशीतले, परदेशी निघालेले. शिकवणारी मुलगी पुण्याची आहे. ती मला फार जपून सुधारते, त्यामुळे तिचा मला फारसा उपयोग होत नाही. माझी खरी परीक्षक तू. रविवारी दुपारी आमच्या तीन वाजता वही फोनसमोर धरायची आणि दहा वाक्यं वाचायची. जे चालू होतं, त्याची मला कधी अडचण आली नाही. ‘एस्ताबा’ म्हणायचं आणि पुढे काम लावायचं, आपल्या ‘करत होते’सारखंच. जे झालं आणि संपलं, त्याची रूपं मात्र मला छळतात. दर क्रियापदाची वेगळी तऱ्हा. तू कपाळाला हात लावतेस. एकदा मी डावीकडच्या वाक्यालाच संपलेलं रूप लावलं, तेव्हा म्हणालीस, ‘‘आजी, मटार सोलून झाले की नाही, ते कोणी विचारत नाहीये. फोन वाजला तेव्हा तू त्याच्या मधे होतीस, एवढंच.’’ मी हे वाक्य अगदी असंच फळ्यासमोर किती वर्षं म्हटलं असेल. तू माझं शिकवणं कधी पाहिलं नाहीस. तरी बोट तसंच वर करतेस.

आता तीन वाजताची गोष्ट. पूर्वी आपला फोन पाचला असायचा.

तुझे आजोबा मालगाडीचे गार्ड होते. सगळी नोकरी त्यांनी गाडीच्या शेवटच्या डब्यात, मागे पळणारे रूळ बघत काढली. निवृत्त झाल्यावर लोक डोंगराकडे तोंड करून घर बांधतात, यांनी घोरावाडीला रुळाकडे तोंड करून बांधलं. मधे फक्त आपलं फाटक, एक पायवाट आणि रेल्वेचं कुंपण. गाडी स्टेशनातून जाते तेव्हा फलाटावरचा माणूस हिरवी झेंडी दाखवतो आणि मागच्या डब्यातला गार्ड त्याला हिरवी दाखवतो. सगळं ठीक आहे, एवढंच त्याचं म्हणणं. पण दाखवणाऱ्याने नुसती झेंडी धरून भागत नाही. पहिल्या चाकापासून शेवटच्या चाकापर्यंत गाडी बघायची असते, कुठे काही लोंबतंय का, कुठे धूर येतोय का. म्हणून डाव्या हातात लाल झेंडी गुंडाळून तयार ठेवायची. आजोबांना हे काम आता कोणी सांगितलं नव्हतं. तरी संध्याकाळी ते फाटकात दोन झेंड्या घेऊन उभे राहायचे, आणि या मार्गावरचे बरेचसे गार्ड त्यांना ओळखून हिरवी दाखवायचे.

रविवारी त्यात तुझी भर पडायची. पाच वाजता तुझा फोन यायचा, तुमच्याकडे दुपारच्या जेवणाआधी. लाल झेंडी काखेत आणि डाव्या हातात फोन धरून ते तुला गाडी दाखवायचे. गार्डने हिरवी दाखवली, की तू तिकडे वलेन्सियात भांडी पुसायचं हिरवं फडकं हलवायचीस. तू सात वर्षांची होतीस. तुमचं बोलणं कसं चालायचं कोणास ठाऊक. ते मराठीत, तू स्पॅनिशमध्ये, आणि आई तेव्हा मधे बसलेली नसायची.

ते गेले आणि फोनची वेळ तीनवर आली. तुझा पाचच्या सुमाराला कसलासा वर्ग असतो, असं आईने सांगितलं. मी कॅलेंडरवर वेळ बदलून लिहिली आणि पुढे काही विचारलं नाही.

या फेब्रुवारीतल्या एका रविवारी माझ्या दहा वाक्यांत एक आजोबांचं होतं. आजोबा पेपर वाचत होते आणि त्यांच्या खांद्यावर पाल पडली, असं काहीतरी साधंच. तू ते वाचून हसशील म्हणून मी थांबले. तू हसली नाहीस. उठलीस, खोलीचं दार लावून आलीस आणि फोन अगदी जवळ घेतलास. मग लहान मुलाशी बोलावं तसं एकेक शब्द सुटा करून विचारलंस, ‘‘के एस्ताबा आथियेन्दो आजोबा?’’ काय करत होते आजोबा? फोन पडला तेव्हा?

मला आधी कळलं नाही कोणता फोन. मग तू सांगितलंस. त्या शेवटच्या रविवारी तू त्यांना ‘मास थेर्का’, ‘मास थेर्का’ म्हणत होतीस. आणखी जवळ, आणखी जवळ. तुला गाडीची चाकं बघायची होती. मग पडद्यावर एकदम आकाश दिसलं, नंतर पानं, नंतर काहीच नाही. रात्री आई रडत होती आणि तुला सांगण्यात आलं, की आजोबा झोपेत गेले.

‘‘ते झोपले नव्हते,’’ तू म्हणालीस. ‘‘मी त्यांच्याशी बोलत होते.’’

सहा वर्षं तू हे घेऊन बसली होतीस. तू त्यांना रुळाकडे बोलावलंस, ते गेले आणि पडले. मोठी माणसं खोटं बोलतात, कारण त्यांना तुझी चूक झाकायची आहे. पाच वाजताचा तो वर्ग कधी नव्हताच. तूच त्या वेळी फोनसमोर बसायला नकार दिला होतास.

‘‘नाही,’’ मी म्हटलं. ‘‘ते पडले नाहीत. तेव्हा ते गेले नाहीत.’’

तू माझ्याकडे बघत राहिलीस. मुलाला पटलं नसलं, की ते कसं बघतं, हे मला चांगलं ठाऊक आहे. तू पुन्हा तोच प्रश्न विचारलास, मग काय करत होते? आणि मला उत्तर माहीत नव्हतं. मी आत पोहे परतत होते. ते हसत हसत आत आले, गाडी थांबवली म्हणून सांगितलं, एवढं मला माहीत होतं. फोनचं काय झालं होतं, हे मी कधी विचारलंच नाही. त्याची काच तडकलेली मला दुसऱ्या दिवशी दिसली, आणि दुसऱ्या दिवशी काच कोण बघतं.

‘‘पुढच्या रविवारी सांगते,’’ मी म्हटलं.

हे जिने पाहिलं असेल अशी एकच व्यक्ती होती, ती म्हणजे मावशी. तुम्ही तिला ओळखता. पंचवीस वर्षं आपल्या घरी कामाला होती. मूळची डोंगरावरच्या वाडीतली, पण गेल्या दिवाळीपासून ती लेकीजवळ परंदवडीला राहते. लेक कारखान्यात जाते आणि मावशी तिची मुलं सांभाळते. मंगळवारी मी रिक्षा करून सोमाटण्यावरून तिच्याकडे गेले. ती दारात उन्हाला बसून सुपात वाल निवडत होती.

‘‘अगं बया, बाई तुमी? फोन तरी करायचा. दूध संपलंय, कोरा च्या पिताल का?’’

‘‘चालेल. बस तू आधी.’’

‘‘गुडघं कसं हायत?’’

‘‘आहेत.’’

‘‘हायत म्हंजे झालं. आन् ते स्पानिस? ते चालू हाय का सुटलं?’’

‘‘चालू आहे.’’

‘‘म्या लेकीला सांगितलं, आमच्या बाई सत्तरीत पयलीत बसल्यात. ती म्हनती, मग दुसरीत गेल्या का?’’ सुपातला खडा तिने दूर भिरकावला. ‘‘पर एक सांगा. अख्ख्या लोनावळ्याच्या पोरांस्नी तुमी विंग्रजी शिकवली, आन् घरची एक पोर तुमास्नी मराठी शिकवाया घावली न्हाई व्हय?’’

मी चहा संपवला आणि मग विचारलं, की ते गेले त्या संध्याकाळी, फोन पडला तेव्हा भाऊ काय करत होते. भाऊ म्हणजे आजोबा. ती त्यांना भाऊच म्हणायची.

मावशीने सूप खाली ठेवलं.

‘‘मी जास्वंदीला पानी घालत हुते. भाऊ फाटकापाशी उभं. पोरगी फोनमधनं सारखी वरडत हुती, आता तिचं ते काय कळतंय मला. भाऊ हसायचं आन् म्हनायचं, न्हाई बाळा, हितनंच. हितनंच बघायचं. फाटकाच्या भायेर पाऊल न्हाई टाकलं. ते कवा टाकायचे न्हाईत, तुमास्नी ठावं हाय.’’

‘‘मग?’’

‘‘मग मालगाडी आली. लय लांब हुती. निम्मी गेली आन् भाऊंनी नाक वर केलं. म्हनले, मावशी, वास येतोय का? मला कसला वास. तेवढ्यात त्येंला दिसलं. एका चाकातनं धूर निघत हुता. बिरेक चिकटला म्हनले. आन् फोन ठिवला फाटकाच्या खांबावर. ठिवला कसला, टाकलाच. दोन हात मोकळं पायजेत ना. काखेतली तांबडी झेंडी काढली आन् अशी हालवली.’’ तिने दोरीवरचा नातवाचा लाल शर्ट ओढला आणि उभी राहून दोन्ही हातांनी तो हलवून दाखवला. शेजारची बाई दारात येऊन बघायला लागली. ‘‘फोन घसरला तो जास्वंदीत. मागच्या डब्यातला गार्ड हिरवी दावायला भायेर आलता, त्यानं ह्यांची तांबडी बघितली. गाडी थांबली ती पार तिकडं वळनावर. मग दोन मानसं उतरली, चाकापाशी वाकली, लय वेळ काय काय करत बसली.’’

‘‘आणि फोन?’’

‘‘गाडी निघाली तवा भाऊंना त्येची सय आली. दोघांनी मिळून हुडाकला. काच गेलती. माझ्याच पदराला पुसला, नवी साडी हुती माझी. त्येच्यात बघितलं आन् म्हनले, गेली वाटतं पोरगी. मग फोनलाच म्हनले, सांगतो हां बाळा, रविवारी सगळं सांगतो.’’

‘‘मावशी, हे तू मला इतक्या वर्षांत सांगितलं नाहीस.’’

‘‘तुमी कवा इचारलं?’’ ती म्हणाली. ‘‘भाऊंचं नाव काढलं, की तुमी उठून भांडी लावाया लागायच्या.’’

परत येताना रिक्षावाल्याने दोनदा विचारलं, बाई, कुठे सोडू. पहिल्यांदा मला ऐकूच आलं नाही.

आता माझी बाजू. त्या संध्याकाळी ते घरात आले, दोन बशा पोहे खाल्ले आणि गाडी कशी थांबली ते मला दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना धूर थोडा वाढला होता. मग व्हरांड्यातल्या खुर्चीत बसले. सातच्या सुमाराला मी त्यांचा चहा गाळत होते. कप घेऊन बाहेर आले तेव्हा ते गेले होते. रात्री तुमच्या आईचा फोन आला आणि मी तिला सांगितलं, ‘‘मुलांना सांग, आजोबा झोपेत गेले. एवढं पुरे.’’ मुलांना वाईट गोष्ट एका वाक्यात सांगावी, अशी माझी शिस्त. शाळेतही मी तसंच करायची. ते वाक्य तुझ्या आईचं नव्हतं. तिने ते जसंच्या तसं तुमच्यापर्यंत पोचवलं. तेवढ्या वेळी तिने काही गाळायला हवं होतं.

बुधवारी मी वहीचं कोरं पान उघडलं. शब्दकोश, चष्मा, दोन पेन्सिली. मला आठ वाक्यं लागणार होती, फार तर दहा. डावी बाजू आधी लिहायला घेतली. आजोबा उभे होते. हसत होते. गाडी बघत होते. एवढ्यावर थांबायचं, तर हात थांबेना. ते राखाडी स्वेटर घालून होते, त्याचं कोपराला मी लावलेलं ठिगळ उसवत होतं. ते शीळ घालत असत, पण सूर लागत नसे. मला आत ऐकू येत होती ती शीळ. मी मनात म्हणत होते, पुरे आता. बघ, काय म्हणत होते मी. पान भरलं, दुसरं घेतलं. उजव्या बाजूला तोपर्यंत एकही ओळ नव्हती. त्या सहा वर्षांत मी त्यांना इतका वेळ कधी जवळ बसू दिलं नव्हतं. जेवायची वेळ टळून गेली. विहारातून वंदनेला बोलावणं आलं होतं, तिकडेही गेले नाही.

गुरुवारी मी बाई झाले. जे विचारलेलं नाही ते सगळं खोडलं. स्वेटर खोडताना थोडं थांबले. उरली अकरा वाक्यं, ती मी पुण्याच्या त्या मुलीला तपासायला पाठवली नाहीत. चुका असल्या तर माझ्या असू देत.

रविवारी तीनला तू दार लावूनच बसली होतीस. मी वही समोर धरली नाही, मांडीवर ठेवली आणि तुझ्याकडे बघून बोलले. आजोबा फाटकाच्या आत उभे होते. तू आणखी जवळ जा म्हणत होतीस. त्यांनी तुझं ऐकलं नाही. हे वाक्य मी खास शब्दकोश पालथा घालून शोधलं होतं, ‘नो ते इथो कासो’. त्यांनी तुला जुमानलंच नाही. गाडीच्या बाबतीत तुझे आजोबा कोणाचंही ऐकत नसत, वरच्या साहेबांचंसुद्धा नाही. आणि मग तू हसलीस. तोंडावर हात ठेवून, खांदे हलवत, कितीतरी वेळ, आणि नंतर ते हसणं राहिलं नाही. मी थांबले. तू हाताने खूण केलीस, पुढे.

धुराचं सांगितलं. लाल झेंडीचं सांगितलं. ‘खांब’ मला ऐनवेळी आठवला नाही, मी उठून फोन फाटकाशी नेला आणि खांबच दाखवला. जास्वंद दाखवली. मावशीचा पदर सांगितला. रविवारी सगळं सांगतो, असं ते म्हणाले हेही सांगितलं. मग ते खोटं वाक्य माझं होतं, आईचं नव्हतं, तेही.

माझ्या क्रियापदांच्या किती चुका झाल्या मला माहीत नाही. त्या दिवशी तू एकही सुधारली नाहीस.

‘‘आणि सात वाजता?’’ तू विचारलंस. ‘‘सात वाजता ते काय करत होते?’’

‘‘माहीत नाही,’’ मी म्हटलं. ‘‘मी चहा गाळत होते. बाहेर कोणी नव्हतं.’’

तू मान हलवलीस. माझ्या आधीच्या कुठल्याही उत्तरापेक्षा तुला हे जास्त पटलं, असं मला वाटलं. मग आणखी एकच प्रश्न, ‘‘इ कोन्तेस्तो?’’ आणि त्या गार्डने उत्तर दिलं का?

हे मला मावशीने सांगितलं नव्हतं, पण आजोबांनी सांगितलं होतं, दोन्ही वेळा. गाडी पुन्हा निघाली तेव्हा तो गार्ड मागच्या डब्याच्या दारात उभा राहिला आणि दिसेनासा होईपर्यंत हिरवी हलवत राहिला. मी म्हटलं, ‘‘सी. कोन्तेस्तो.’’

फोन ठेवताना तू म्हणालीस, की पुढच्या रविवारी पाचला बोलू.

मेमध्येही तुमचं येणं होणार नाही, असं आईने आत्ताच कळवलं आहे. धाकट्याची शाळा, बाबांची रजा, मला सगळं समजतं. कॅलेंडरवर मी पेन्सिलीने खूण केली होती, ती पुसली. पेन्सिलीनेच करते हल्ली.

पण तू म्हणाली होतीस त्या रविवारी पाचला मी दाराआडच्या छत्र्यांमधून दोन झेंड्या काढल्या. लाल झेंडीला वाळवी लागली होती, हिरवी बरी होती. तुझा फोन आला. मी तो खांबावर ठेवला, रुळाकडे तोंड करून, आणि घसरू नये म्हणून मागे वीट लावली. पहिली एक्सप्रेस इतक्या जोरात गेली, की शेवटचा डबा कधी आला ते कळलंच नाही. मग पंचवीस मिनिटं काहीच आलं नाही. तुझ्याकडे जेवायची हाक आली, तू मोठ्याने ‘येते’ म्हणालीस आणि तिथेच बसून राहिलीस. मावशीच्या जास्वंदीला मी पाणी घातलं.

मालगाडी आली. मी पहिल्या चाकापासून बघायला सुरुवात केली. मला चाकांतलं काय कळतंय, तरी बघितली सगळी. शेवटच्या डब्यात एक तरुण गार्ड स्टुलावर बसला होता. त्याने पांढरी साडी नेसलेली, हिरवी झेंडी धरलेली ही म्हातारी पाहिली, जरा गोंधळला, उठला आणि झेंडी बाहेर काढली.

वळून बघते तर पडद्यावर हिरवं फडकं. तेच नसेल, पण हिरवं होतं. तेवढ्यात दार उघडून धाकटा आत आला. हे काय चाललंय, असं त्याने विचारलं असावं. आजोबा गेले तेव्हा तो वर्षाचाही नव्हता, त्याला यातलं काही माहीत नाही. तू त्याला शेजारी बसवलंस आणि सांगू लागलीस. तुझ्या भाषेत, तुझ्या वेगात. मला निम्मं कळत होतं. आजोबा उभे होते, गाडी येत होती, मी ओरडत होते, हे मला कळलं. धूर कळला. तू हातातलं फडकं दोन्ही हातांनी हलवून दाखवलंस, मावशीने शर्ट हलवला होता तसं. तुला ते कोणी दाखवलं नव्हतं.

मी झेंडी गुंडाळली, ती काखेत धरली आणि खांबाशी उभी राहून ऐकत होते. धाकटा मधेच म्हणाला, आणि मग? आणि तू त्याला पुढचं सांगितलंस.